रिपोर्ट आला, आता गोळी कधी? इंदूरकरांसाठी पहिले सहा महिने

मला एचआयव्ही आहे. २०१३ साली माझा सीडी-४चा, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा, आकडा ४१२ आला. समुपदेशक बाईंनी तो कागदावर लिहिला आणि म्हणाल्या, "गोळीची वेळ अजून आली नाही, सहा महिन्यांनी या." मला इतका आनंद झाला की परत जाताना राजवाड्याला उतरून पाव किलो जलेबी घेतली. गोळी नाही म्हणजे आजारही नाही, असा माझा सरळ हिशेब. सियागंजात दुसऱ्यांचा जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आकडा रेषेच्या वर दिसला की मला झोप लागते. दोन वर्षांनी तोच आकडा २७० झाला. रात्री उशी भिजेल इतका घाम, नऊ किलो वजन गेलेलं, आणि छातीत टीबी.

त्यात बाईंची काही चूक नव्हती, तेव्हा नियमच तसा होता. आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळायला लागलं. पण ते कुणाला द्यायचं हे सीडी-४ वर ठरायचं. आकडा रेषेखाली गेला की गोळी. रेष आधी २००ची होती, पुढे ३५०ची, मग ५००ची. एप्रिल २०१७ मध्ये ती पुसून टाकली. आता एचआयव्ही आहे हे पक्कं झालं की उपचार सुरू, आकडा काहीही असो.

तरी परवासुद्धा एका ओळखीच्या मुलाने मला विचारलं, "काका, माझा सीडी-४ सहाशेच्या वर आहे, दिवाळीनंतर सुरू केलं तर चालेल ना?" त्याला जे सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. गोळी खाणारा माणूस आहे, आणि रांगेत बराच उभा राहिलेलो आहे.

आधी रिपोर्ट पक्का करा

खाजगी लॅबचा एक रिपोर्ट हातात आला म्हणजे निकाल लागला असं नाही. माझा पहिला रिपोर्ट एका लॅबच्या काउंटरवरच्या पोराने चार माणसांसमोर "अंकल, इसमें पॉजिटिव्ह है" असं म्हणत दिला होता. मी तो दुमडून खिशात घातला आणि अकरा दिवस कुणाला दाखवला नाही. ते अकरा दिवस फुकट गेले. तुम्ही ते घालवू नका.

सरकारी आयसीटीसी केंद्रात जा. हे समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र असतं, तपासणी मोफत. आपल्याकडे एमवाय या सरकारी रुग्णालयात आहे, आणि गावाकडच्या लोकांना त्यांच्या जिल्हा रुग्णालयात मिळेल. तिथे पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर आणखी वेगळ्या किटने चाचण्या करतात. लक्षणं नसलेल्या माणसाच्या तीनही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. आधी आणि नंतर समुपदेशक बंद दाराआड बोलतात. कुठे जायचं हे समजत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोनचे पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. तुमचा रिपोर्ट अजून आलाच नसेल, पण काल-परवा धोका झाल्याची भीती असेल, तर हे वाचन इथेच थांबवा आणि सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. ७२ तासांच्या आत सुरू केलं तर संसर्ग रोखणारा २८ दिवसांचा औषधाचा कोर्स असतो. जितकं लवकर तितकं बरं.

मग कधी? याच आठवड्यात

जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून सांगते की निदान पक्कं झाल्यापासून सात दिवसांच्या आत उपचार सुरू व्हावेत, आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी. ही घाई कशासाठी, ते नीट समजून घ्या. एकदा समजलं की पुढची सगळी टाळाटाळ आपोआप गळून पडते.

२०१५ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ३५ देशांतली ४,६८५ माणसं, सगळ्यांचा सीडी-४ पाचशेच्या वर, म्हणजे सगळी धडधाकट. निम्म्यांना लगेच गोळी दिली. उरलेल्यांना सीडी-४ ३५० पर्यंत उतरेपर्यंत किंवा एड्सशी संबंधित आजार होईपर्यंत थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या मुदतीपर्यंत न थांबता सगळ्यांना गोळी देऊन टाकली. माझ्या त्या जलेबीचं उत्तर मला इथे मिळालं. ४१२ हा आकडा चांगलाच होता, पण विषाणू आकडा बघून गप्प बसत नाही. तो रोज लाखोंनी वाढतो, शरीर रोज त्याच्याशी झुंजतं, आणि त्या झुंजीची झीज सीडी-४च्या कागदावर दिसेपर्यंत बराच माल खर्ची पडलेला असतो.

दुसरं कारण जोडीदाराचं. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईची जोडपीही होती. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. ज्यांनी लवकर गोळी सुरू केली त्यांच्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. आज त्याच्याही पुढची गोष्ट माहीत आहे, ती सहा महिन्यांच्या चाचणीपाशी सांगतो.

आता लोक जी कारणं देतात ती. "मुलीचं लग्न आहे, तेवढं होऊ दे." लग्नाच्या धावपळीतच आजारपण येतं. गोळी घेतलेला बाप लग्नात जास्त कामाचा. "एकदा सुरू केली की जन्मभर." खरं आहे. पण बीपीचीही जन्मभर असते आणि ती आपण सासऱ्यांना बिनदिक्कत घ्यायला लावतो. "मनाची तयारी नाही." या कारणाला मात्र मी हसणार नाही. रिपोर्ट कळल्यावर पहिले काही दिवस डोकं चालत नाही, आणि समोरचा काय बोलतो ते कानावरून जातं. अशा वेळी समुपदेशकांना स्पष्ट म्हणा, "मला दोन दिवस द्या, परत बोलू." दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. फक्त परत यायची तारीख लिहून घेऊन उठा, कारण "बघू" म्हणून गेलेला माणूस अनेकदा टीबी घेऊनच परतलेला मी पाहिला आहे. मी स्वतः त्यातलाच.

गरोदर बाईने तर एक दिवसही थांबू नये. आईची गोळी जितकी आधी सुरू होईल तितकं बाळाचं रक्षण पक्कं. जन्मल्यावर बाळालाही काही आठवडे औषध देतात आणि दीड महिन्याचं झालं की त्याची चाचणी करतात.

डॉक्टरच "थांबा" म्हणतात तेव्हा

असे प्रसंग थोडे आहेत, पण ते खरे आहेत. छातीचा टीबी निघाला तर आधी टीबीचं औषध सुरू करतात, ते अंगाला मानवलं की काही आठवड्यांत एआरटी जोडतात. माझं असंच झालं. मेंदूच्या आवरणाला सूज असेल, म्हणजे टीबीचा किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस, तर साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. एकदम गोळी दिली तर प्रतिकारशक्ती झोपेतून उठल्यासारखी तिथेच तुटून पडते, सूज वाढते आणि जीवावर बेततं.

म्हणून गोळी हातात घेण्याआधी या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगा: न थांबणारी डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या, अंधुक दिसणं. आणि टीबीचे चार प्रश्न तर दर भेटीत विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. रांग मोठी आहे म्हणून "नहीं, नहीं, कुछ नहीं" म्हणत मान हलवू नका. नऊ किलो उतरूनही मी "थोडी कमजोरी है" म्हणालो होतो.

पहिल्या दिवशी एआरटी केंद्रात

आयसीटीसीचा रिपोर्ट, आधार किंवा पत्त्याचा कुठलाही पुरावा, दोन फोटो, आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत. पाकिटं हा माझा हट्ट आहे. "शुगरची छोटी पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टर काय ओळखणार?

नोंदणी झाली की तुमची माहिती एका पांढऱ्या कार्डावर लिहून ते केंद्रात ठेवतात आणि तुम्हाला एक हिरवं पुस्तक देतात. यापुढे ते तुमचं पासबुक. खिडकीवर "भिया, हरी किताब लाए?" असं विचारलं की तेच. मी त्याला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं आहे आणि वर 'लाइट बिल' लिहिलंय. घरात लाइट बिल उघडून बघायची हौस कुणालाच नसते.

मग रक्त काढतात. सीडी-४, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन, शुगर, कावीळ बी आणि सी, सिफिलिस. छातीचा एक्स-रेही सांगू शकतात. बायकांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी असते, ती लाजून चुकवू नये, एचआयव्हीमध्ये त्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. तब्येत बरी असेल तर सगळे रिपोर्ट येईपर्यंत गोळी अडवून ठेवतातच असं नाही. काविळीच्या बी चाचणीचा निकाल मात्र लक्षात ठेवा. ती पॉझिटिव्ह असेल तर एचआयव्हीच्या गोळीतली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून धरतात, आणि मनाने गोळी बंद केली तर लिव्हर एकदम बिघडू शकतं.

सीडी-४ खाली असेल तर इतर संसर्ग टाळायला आणखी एक गोळी देतात, को-ट्रायमॉक्साझोल. टीबी नाही अशी खात्री झाली की टीबी होऊ नये म्हणून काही महिन्यांचं औषधही देतात. पहिल्या महिन्यात गोळ्यांची संख्या बघून घाबरू नका, यातल्या बऱ्याच पुढे बंद होतात.

आणि ओळखीचं कुणी भेटलं तर? आपला मराठी समाज या शहरात केवढासा. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही जा, "तू अमक्यांचा का रे?" हा प्रश्न ठेवलेलाच. मला तिसऱ्याच भेटीत गणेशोत्सवातले एक काका दिसले. ते भिंतीवरचं पोस्टर वाचू लागले, मी मोबाइल. तीन महिने आम्ही असेच एकमेकांना न दिसलेले होतो. मग एकदा त्यांनी सरकून बाकावर जागा केली. त्या खोलीत जो बसलाय तो वर्तमानपत्र वाचायला आलेला नाही, हे दोघांनाही कळायला इतका वेळ लागला. तरीही नकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावचं केंद्र निवडता येतं. माझं मत विचाराल तर फार लांबचं घेऊ नका. लाजेपायी निवडलेलं सत्तर किलोमीटरवरचं केंद्र पावसाळ्यात गोळी चुकायचं कारण होतं.

गोळी कशी असते

आता मोठ्यांना बहुतेक एकच गोळी, दिवसातून एकदा. तिच्यात तीन औषधं असतात: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०. केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. मी सुरू केलं तेव्हा डोल्युटेग्राव्हिरच्या जागी एफाव्हिरेंझ होतं. ते रात्री घ्यावं लागायचं आणि स्वप्नं अशी पडायची की सराफ्यात मी एकटा आणि सगळी दुकानं पाण्याखाली. २०२१ मध्ये माझी गोळी बदलली आणि सराफा कोरडा झाला. जुन्या लोकांच्या तोंडून चक्कर आणि भयाण स्वप्नांच्या गोष्टी ऐकाल, त्या बहुतेक त्या गोळीच्या आहेत.

ही गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, कशीही चालते. वेळ तुम्ही ठरवायची आणि ती पाळायची. मी सकाळी पोह्यांबरोबर घेतो. इंदूरच्या माणसाला सकाळचे पोहे चुकले तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं, मग त्याच खिळ्याला गोळीही अडकवून टाकली. फोनमधल्या अलार्मचं नावही 'पोहे'च आहे. काहींना या गोळीने रात्री झोप लागत नाही, म्हणूनही सकाळ बरी.

गोळ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत येतात, आत ओलावा शोषणारी पुडी असते. सगळ्या गोळ्या स्टीलच्या डबीत ओतून ठेवू नका, त्यांना दमट हवा सोसत नाही. बाटली पिशवीत खुळखुळते ही खरी अडचण आहे. सिटी बसमध्ये शेजारचा माणूस वळून बघतो. झाकणाखाली कापसाचा छोटा बोळा ठेवला की आवाज बंद. हे मला बाकावर जागा देणाऱ्या त्याच काकांनी शिकवलं.

आता पथ्य, आणि इथे आपली खरी परीक्षा आहे. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू, वर मालपुवा, आणि मग छातीत जळजळलं की जेलुसिल किंवा डायजीन. अशा अँटासिडमधलं मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या पोटभर जेवणासोबत एकाच वेळी घेतल्या तर चालतं. वैद्यांची भस्मं घेत असाल तर तीही सांगा, त्यांतही लोह आणि चुना असू शकतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. फिट्सची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन असेल तर डॉक्टर बदल सुचवतील. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, ती विसरू नका. पाकिटांच्या पिशवीचा हट्ट याचसाठी.

पहिले पंधरा दिवस, मग तीन महिने

डोकं जड, थोडी मळमळ, कधी पातळ जुलाब, झोप उडणं. अनेकांना यातलं काहीच होत नाही. झालं तरी बहुतेक एक-दोन आठवड्यांत ओसरतं. पंधरा दिवसांनी भेटीला बोलावतात, तेव्हा बारीकसारीक सगळं सांगा. क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच किडनी गेली असं समजू नका. डोल्युटेग्राव्हिरमुळे ते कागदावर थोडं वर सरकतं. टेनोफोव्हिर किडनीला खरंच त्रास देऊ शकतं, आणि यातलं कुठलं कारण आहे ते डॉक्टर ठरवतील. पुढे काहींचं वजनही वाढतं. माझं वाढलं. बायको म्हणाली बरं झालं, सियागंजातले लोक म्हणाले शेठ झालास.

अंगावर पुरळ आणि सोबत ताप, डोळे पिवळे, धाप, लघवी कमी, किंवा आधी सांगितलेली तसली डोकेदुखी: यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा.

एका गोष्टीने लोक फार गोंधळतात. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप येतो, मानेत गाठी येतात, दबलेला टीबी उफाळतो. माणूस म्हणतो, "गोळीने आजारी पाडलं," आणि बंद करतो. होतं असं की अशक्त पडलेली प्रतिकारशक्ती शुद्धीवर येते आणि आत आधीच लपून बसलेल्या जंतूवर तुटून पडते. ज्यांनी सीडी-४ अगदी खाली गेल्यावर सुरुवात केली त्यांच्यात हे जास्त होतं. अशा वेळी गोळी चालू ठेवून सरळ केंद्रात जायचं.

चुकली तर, उपास असेल तर, गावाला गेलात तर

आठवली की लगेच घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवली तर त्या दिवशीची एकच, दोन एकदम नाहीत. महिन्याला एखादी चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण आठवड्याला दोन चुकायला लागल्या तर विषाणू औषधाला ओळखायला शिकतो, मग ती गोळी चालेनाशी होते आणि पुढच्या गोळ्या जास्त किचकट असतात. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजतात, तिथे लाजून खोटं बोलू नका. मी एकदा चार गोळ्या गटारात टाकून हिशेब जुळवला होता. हिशेबनीसाला शोभेल असं काम, पण मूर्खपणाचं.

एकादशी-चतुर्थीला पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडतो का? आमच्या आईचा फतवा असा की औषधाला आणि गंगाजलाला उपास नसतो. निर्जळी करणाऱ्यांनी वेळ आधीच पहाटे उपास सुरू होण्याआधीची ठरवून घ्यावी.

पुण्याला लग्नाला निघालात तर बाटली हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या डिकीतल्या सूटकेसमध्ये नको. हिरव्या पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. अडकलात तर तिथल्या एआरटी केंद्रात पुस्तक दाखवा. कायमचं गाव बदललं तर कागदोपत्री बदली मिळते. घरात नेहमी आठवडाभराच्या गोळ्या जास्त असू द्या, म्हणजे तारखेच्या आधीच जा. पुरवठा अडतोही: २०२२च्या उन्हाळ्यानंतर तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, दारात रुग्ण धरणं धरून बसले होते. तब्येत स्थिर झाली की काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, मग फेऱ्या कमी होतात.

सहा महिन्यांची चाचणी

सहा महिने पूर्ण झाले की व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती हे मोजतात. पुढे वर्ष पूर्ण झाल्यावर आणि मग दर वर्षी. तोवर दर महिन्याला बाहेर पैसे देऊन सीडी-४ काढू नका. तो हळू चढतो, सर्दीनेही खालीवर होतो, आणि उगाच झोप घालवतो. माझा तिनशे ओलांडायला वर्ष लागलं.

व्हायरल लोड एक हजाराच्या वर आला तर आधी गोळ्या किती चुकल्या हे बघतात, समुपदेशन करतात, काही महिन्यांनी परत मोजतात, आणि मगच औषध बदलण्याचा विचार करतात. मशीनला सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर तुमच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून एचआयव्ही जात नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या अभ्यासात अशी ७८२ पुरुष-पुरुष जोडपी वर्षानुवर्षं पाहिली, निरोध न वापरता. त्यांच्यात एकही संसर्ग असा नव्हता की जो गोळी घेणाऱ्या जोडीदाराकडून आला. दुसरे गुप्तरोग आणि नको असलेलं गरोदरपण यांसाठी निरोध आपल्या जागी आहेच.

हा रिपोर्ट मी बायकोसमोर ठेवला तेव्हा तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता?" एवढंच.

घरात कुणाला सांगायचं

जोडीदाराला सांगा आणि त्यांची तपासणी करून घ्या. बाईला एचआयव्ही असेल तर लहान मुलांचीही. तोंड उघडत नसेल तर समुपदेशकांसमोर दोघं बसा, माझ्या घरी तसंच झालं. बाकी कुणाला सांगायलाच पाहिजे असं नाही. आत्या, मंडळ, मालक, कुणी नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमची माहिती उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं किंवा उपचार नाकारणं बेकायदा आहे. जोडीदाराला धोका असेल आणि तुम्ही सांगतच नसाल, तर समजावून, तुम्हाला कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक त्यांना सांगू शकतात. बाईला मारहाणीची भीती असेल तर तिथे वेगळा विचार आहे. माझा दात काढायला एका दवाखान्याने "मशीन खराब है" म्हणून तीन वेळा परत पाठवलं होतं. तेव्हा हा कायदा नव्हता. आज मी लेखी नकार मागितला असता.

मुळासकट बरं करून देतो म्हणणारे भेटतील, चूर्णं, काढे, परदेशी थेंब. औषधांच्या नियमांत बरं करण्याचा दावा करायलाच मनाई असलेल्या आजारांची यादी आहे, त्यात एड्स आहे. चूर्ण घ्यायचंच असेल तर घ्या म्हणण्याइतकाही मी मोकळा नाही, कारण ते सुरू करताना "ती इंग्रजी गोळी बंद करा" असं सांगतातच.

त्या मुलाला मी दिवाळीची वाट पाहू दिली नाही. गुरुवारी त्याच्याबरोबर गेलो, रांगेत माझ्यापुढे उभा केला. बाटली मिळाल्यावर त्याने तिथेच ती हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. खिशातून कापूस काढून दिला.